एकाच झाडाला दोन तऱ्हेची पाने?

प्रश्न : आमचे घर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे आहे. परसात मोरीच्या पाण्यावर एक झाड आपोआप वाढले आहे. त्याची काही पाने बदामी आकाराची आणि अखंड, तर काही खोल कातरलेली आहेत. शेजारी म्हणतात अंजीर, गडी म्हणतो जंगली उंबर आणि शाळेतले गुरुजी म्हणतात तुती. एकाच झाडाला दोन तऱ्हेची पाने कशी? की दोन झाडे एकात एक वाढली आहेत? तुती असेल तर फळ का धरत नाही? आणि घराजवळ ठेवावी की तोडावी?

उत्तर : पत्रात झाड एक आणि शंका पाच-सहा आहेत. शहापूरकडच्या काही वाचकांनीही याच झाडाबद्दल विचारले आहे, तेव्हा सगळ्यांच्या शंका एकत्रच सोडवू. गुरुजींचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. पण ते का बरोबर आहे हे तुम्हाला स्वतः पडताळता यायला हवे, नाहीतर उद्या चौथा माणूस येऊन चौथे नाव सांगेल.

आधी पानांचे कोडे पाहू. आंब्याचे पान बुडाशी असो की शेंड्याला, ते आंब्याचेच दिसते. त्यामुळे एका झाडाला एकाच आकाराचे पान असते, असे आपण धरून चालतो. तुती हा नियम पाळत नाही. तिच्या एकाच फांदीवर एक पान अखंड असते, शेजारच्या पानाला एका बाजूने खाच असते आणि पुढचे पान तीन किंवा पाच भागांत कातरलेले असते. यात रोग नाही, कलम नाही आणि दोन झाडांची सरमिसळही नाही.

याला एक ढोबळ क्रम मात्र आहे. रोप लहान असते किंवा एखादा फुटवा जोमाने वाढत असतो, तेव्हा कातरी पाने जास्त येतात. झाड जुने झाले आणि फांद्यांची वाढ मंदावली की अखंड पाने वाढतात. तुमच्या झाडाला मोरीचे पाणी बारमाही आहे आणि अधूनमधून एखादी शेळी शेंडे खुडत असणारच. शेंडा खुडला की बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्यांच्यावर पुन्हा कातरी पाने लागतात. जातीजातीतही फरक असतो. काही जातींत कातरे पान क्वचितच दिसते. म्हणून ‘कातऱ्या पानाची ती जंगली, अखंड पानाची ती खरी’ हे ऐकीव वर्गीकरण सोडून द्यावे.

प्रश्न : पानाच्या आकारावर भरवसा नाही, तर ओळखायचे कशावरून?

उत्तर : एका खुणेवर निवाडा देऊ नये, चार-पाच खुणा एकत्र पाहाव्यात. प्रत्येक खूण एकेका तोतयाला बाद करत जाते.

पहिली खूण पानांच्या मांडणीची. तुतीची पाने काडीवर एकाआड एक येतात. समोरासमोर जोडीने येत असतील आणि हाताला खरखरीत लागत असतील, तर तो काळा उंबर असण्याची शक्यता जास्त. काही जण त्याला भुईउंबर म्हणतात. ओढ्याच्या काठाने तो आपल्याकडे भरपूर आहे. तुमच्या गड्याच्या मनात तोच असावा.

दुसरी खूण पानाच्या कडेची आणि शिरांची. तुतीच्या पानाची कड दातेरी असते आणि देठाच्या टोकापासून तीन ठळक शिरा निघतात, एक मधली आणि दोन बाजूंच्या. खरवतीचे पान दातेरी दिसले तरी इतके खरखरीत असते की त्याने लाकूड घासतात. तुतीचे पान त्या मानाने मऊ असते.

तिसरी खूण चिकाची. कोवळे पान देठापाशी मोडा. पातळ, दुधी चीक आला पाहिजे. भोकराचे पान दुरून तुतीसारखे वाटते, पण त्याला चीक नसतो, म्हणून भोकर इथे बाद. मात्र चिकावरून फक्त घराणे कळते, झाड कळत नाही. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, फणस आणि तुती ही सगळी एकाच कुळातली, आणि चीक सगळ्यांनाच असतो.

चौथी खूण या भावंडांना वेगळे करते. वड, उंबर किंवा अंजीर यांच्या काडीचा शेंडा पाहा. कोवळे पान एका टोकदार टोपीत गुंडाळलेले असते. टोपी गळली की तिच्या जागी काडीभोवती पूर्ण गोल वळे उरते. अंजिराच्या काडीवर प्रत्येक पेरापाशी हे वळे दिसते. तुतीच्या काडीवर असे वळे नसते. अंजिराचे पानही कातरलेले असते, पण ते जाड आणि खरबरीत असते. तुमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न या एका वळ्यावर मिटेल.

तरीही शंका उरली, तर बुंध्यापासून थोडे दूर हातभर माती उकरून एखादे बोटाएवढे मूळ उघडे करा. तुतीच्या मुळाची साल नारिंगी-पिवळी असते. एवढे पाहून मूळ पुन्हा झाकून टाका, झाडाला काही होत नाही.

प्रश्न : पण हे झाड कोणी लावले नाही. मग आले कुठून? आमच्या वडीलधाऱ्यांना रानातले प्रत्येक झाड माहीत आहे, हे मात्र त्यांनाही ओळखता येईना.

उत्तर : वडीलधाऱ्यांना दोष नाही. शहापूर-मुरबाडचे रान साग, ऐन, मोह, पळस यांचे. पांढऱ्या तुतीचे मूळ घर चीन. आपल्याकडे ती बागेतून, शाळेच्या आवारातून आणि रेशीमशेतीतून पसरली, रानातून नव्हे. या दोन तालुक्यांत जागोजाग फार्महाउसे झाली आणि रोपवाटिकांतून आणलेल्या फळझाडांबरोबर तुतीही आली.

फार्महाउसमधून तुमच्या परसात यायला तिला दोन वाटा आहेत. पहिली पक्ष्यांची. तुतीचे बी जेमतेम दोन मिलिमीटरचे असते. बुलबुल, साळुंकी, कोकीळ फळ गिळतात आणि बी विष्ठेतून पडते. मोरीजवळची ओल त्याला पुरते. दुसरी वाट माणसाची. कोणीतरी वालाच्या किंवा काकडीच्या वेलाला आधार म्हणून छाटलेली काठी रोवतो. काठी तुतीची असेल तर वेल वाळून जातो आणि काठीला पालवी फुटते. तुतीची फांदी ओल्या जमिनीत सहज मुळे धरते, आणि काठी कोणी रोवली हे चार वर्षांनी कोणाला आठवणार?

या दोन वाटांतला फरक पुढच्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे. काठीतून आलेले झाड हुबेहूब मूळ झाडासारखे असते. बियांतून आलेले झाड मात्र कसे निघेल याचा नेम नाही.

प्रश्न : दोन वर्षे फुलोरा येतो, हिरव्या लोंब्या लोंबतात आणि गळून जातात. फळ एकही नाही. खत कमी पडते का?

उत्तर : खताची पिशवी आणण्याआधी लोंबी हातात घेऊन पाहा. तुतीमध्ये नर फुले आणि मादी फुले वेगळी असतात. काही झाडांवर दोन्ही येतात, पण बऱ्याचदा अख्खे झाड एकाच प्रकारचे निघते. नर लोंबी लांबट, सैल आणि लोंबती असते. तिच्यातून पराग उडतो आणि काम संपले की ती गळून जाते. मादी लोंबी आखूड, भरीव असते आणि तिच्यावर बारीक पांढरे तंतू दिसतात. तीच पुढे फुगून फळ होते. तुमच्या वर्णनावरून झाड नर दिसते आणि नर झाडाला शेणखताच्या गाड्या घातल्या तरी तुती लागणार नाही.

नर झाडही काही रिकामे बसलेले नाही. त्याच्या फुलातला पुंकेसर ताणलेल्या अवस्थेत असतो आणि कोरड्या हवेत एकदम सुटतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधकांच्या मोजणीनुसार ही उसळी सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत मोजावी लागते. तिला अवघे २५ भाग पुरतात आणि पराग आवाजाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फेकला जातो. वनस्पतींमधल्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते. घरात कोणाला दमा किंवा परागाची ॲलर्जी असेल, तर फुलोऱ्याच्या दिवसांत नर झाड खिडकीला लागून नसलेले बरे. इस्लामाबाद शहरात वसंतात परागाचा जो मोठा त्रास होतो, त्याचे मुख्य कारण म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती मात्र कागदी तुती. ती तुतीची नातलग असली तरी वेगळी वनस्पती आहे.

‘मग जवळ दुसरे झाड लावून जोडी जमवू का?’ असेही एका वाचकाने विचारले आहे. जोडीची गरज नाही. मादी तुतीला परागाशिवायही फळ धरते, बी मात्र पोचट राहते. म्हणून एकटे मादी झाड पुरेसे आहे आणि नर झाडाशेजारी मादी लावल्याने नराला फळ येणार नाही. फळाची हौस असेल तर ज्या झाडाची फळे तुम्ही चाखली आहेत, त्याचीच फांदी आणून लावा. साधारण सहा ते आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळे असलेली फांदी घ्यावी. जून-जुलैत डोळ्यांची टोके वर ठेवून ती रोवावी.

झाड मादी असूनही फळ कमी येत असेल, तर कारणे दुसरी आहेत. रेशीमशेतीसाठी निवडलेल्या व्ही-१, एस-३६ यांसारख्या जाती पाल्यासाठी निवडलेल्या आहेत, त्यांच्याकडून मोठ्या फळांची अपेक्षा करू नये. झाड आंब्याच्या दाट सावलीत असेल तरी फळ घटते. फुलोरा दिसत असताना कोणी शेंडे छाटले असतील, तर त्या वर्षीचे फळ छाटणीबरोबरच गेले असे समजावे.

प्रश्न : रोपवाटिकेतून पांढरी तुती म्हणून रोप आणले, फळे काळी निघाली. फसवले का?

उत्तर : नाही. पांढरी तुती हे त्या जातीचे नाव आहे, फळाच्या रंगाची हमी नव्हे. पांढऱ्या तुतीची फळे पांढरी, गुलाबी, जांभळी किंवा पुरती काळीही असतात. शास्त्रज्ञ जिला काळी तुती म्हणतात ती वेगळी जात आहे. तिला थंड हवा मानवते आणि आपल्या भागात ती सहसा आढळत नाही. तिच्या पेशीत ३०८ गुणसूत्रे असतात, पांढऱ्या तुतीच्या पेशीत २८. बाजारात बोटाहून लांब फळांची म्हणून जी मिळते, ती तिसरीच जात.

रंगापेक्षा फळाची घडण अधिक पाहण्याजोगी आहे. तुतीचे फळ एक दिसले तरी ते एका फुलाचे नसते. लोंबीवरचे प्रत्येक फूल स्वतःचा एक रसाळ दाणा तयार करते आणि ते सगळे दाणे एका दांडीवर चिकटून राहतात. फणसही असाच तयार होतो. त्याचा एकेक गरा म्हणजे एकेका फुलाची कमाई. कुळ एक असल्याचा पुरावा तुम्ही दर उन्हाळ्यात तेलाच्या हातांनी फोडत आला आहात.

फळाचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे करवंदे आणि जांभळे यांच्या थोडा आधी. शंभर ग्रॅम फळात सुमारे ८८ ग्रॅम पाणी असते, क जीवनसत्त्व ३६ मिलिग्रॅमच्या आसपास. इतके पाणी आणि इतकी पातळ साल असल्यामुळे फळ दोन दिवसांवर टिकत नाही. म्हणूनच कल्याणच्या बाजारात आंबा-जांभळाचे ढीग दिसतात आणि तुती मात्र क्वचित दिसते. खायची तर झाडाखाली जुनी चादर पसरून फांदी हलवावी. पिकलेले तेवढे खाली पडते. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले तर आत शिरलेल्या बारीक अळ्या बाहेर येतात. कच्ची फळे मुलांना भरपूर खाऊ देऊ नयेत, पोट बिघडते. पक्ष्याने किंवा वटवाघळाने कुरतडलेले फळ सरळ टाकून द्यावे.

प्रश्न : तुती आहे म्हटल्यावर गावात एकच चर्चा – आता रेशमाचे किडे येणार. केसाळ अळ्या तर दिसायलाही लागल्या आहेत. त्या पाळाव्यात का?

उत्तर : त्या पाळू नका आणि हातही लावू नका. केसाळ अळ्या पाने खाणाऱ्या साध्या किडी आहेत, त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते. रेशमाची अळी अंगाने गुळगुळीत, पांढुरकी आणि शेपटाकडे एक छोटे शिंग असलेली असते. ती तुमच्या झाडावर आपणहून येणारच नाही. माणसाने हजारो वर्षे पाळून तिला इतके घरकोंबडे केले आहे की तिच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही. तिची अंडी मुद्दाम आणावी लागतात.

बरे, अंडी आणलीच तर? रेशीमशेतीत शंभर अंडीपुंजांचा हिशेब धरतात. त्यांतून ४० ते ५० हजार अळ्या निघतात आणि पंचवीसेक दिवसांत, चार वेळा कात टाकत, त्या सुमारे एक टन पाला फस्त करतात. एका कोषातून सुमारे हजार मीटर धागा निघतो, हे खरे; पण तुमच्या एका झाडाच्या पाल्यावर फार तर शाळेतल्या मुलांना दाखवण्यापुरत्या अळ्या पोसता येतील. ते अवश्य करा, पण त्यावर संसाराचे गणित मांडू नका.

हवेचाही प्रश्न आहे. मोठ्या अळ्यांना साधारण २४ ते २५ अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, आणि पाला कोरडा लागतो. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. त्या काळात ओला पाला आणि दमट खोली यांमुळे अळ्यांना बुरशीचे रोग होतात. राज्यातली तुती-रेशीमशेती मराठवाड्यासारख्या कोरड्या भागांत वाढली, यामागे हेही एक कारण आहे. जालन्याला २०१८ पासून कोषांची बाजारपेठही आहे. पावसाळा वगळून एकरभर लागवडीचा विचार ज्यांना करायचा असेल, त्यांनी राज्याच्या रेशीम संचालनालयाकडे चौकशी करावी. त्याचे मुख्यालय नागपूरला आहे.

रेशीम पाहायचेच असेल तर तुमच्या गावाजवळच्या रानात ते आधीपासून आहे. पानगळीनंतर ऐनाच्या फांदीला करड्या रंगाचा, कडक, देठाने लटकलेला कोष कधी कधी दिसतो. तो टसर रेशमाच्या जंगली पतंगाचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत त्यावर धंदा चालतो. त्याची अळी ऐन आणि अर्जुनावर वाढते, तिला तुती चालत नाही.

प्रश्न : वड-पिंपळाच्या कुळातले झाड म्हणजे भिंत फोडणार, असे घरचे म्हणतात. खरे का?

उत्तर : अर्धे खरे. पिंपळाचे बी भिंतीच्या फटीत, कौलाखाली, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यातही रुजते आणि मुळे आत शिरवते. तुती असे करत नाही, ती जमिनीतच वाढते. पण तिची मुळे जोमदार असतात आणि ओलाव्याकडे पसरतात. मोरीचे पाणी जिथून झिरपते ती नाली, सेप्टिक टँक आणि शेणाचा खड्डा ही तिची आवडती ठिकाणे. म्हणून नवीन झाड लावताना घराच्या पायापासून आणि अशा टाकीपासून पंधरा-वीस फूट तरी सोडावेत. तुमचे झाड मोरीलाच लागून असेल, तर नाली दरवर्षी उघडून पाहणे हा त्या शेजाराचा कर समजावा.

जमिनीबद्दलही एक गोष्ट. तुतीला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. उतारावरची वरकस जमीन तिला चालते, भाताच्या खाचरात मात्र पावसाळाभर मुळे कुजतात. उन्हाळ्यात विहीर आटली तरी दोन-तीन वर्षांचे झाड सहसा मरत नाही, पण फळाच्या दिवसांत पाणी तुटले तर फळे बारीक राहतात.

प्रश्न : शहापूरहून एक वाचक विचारतात, ओट्यावर, कपड्यांवर, गाडीवर जांभळे डाग पडतात. साबणाने धुतले तर डाग निळा होतो! हे काय गौडबंगाल?

उत्तर : गौडबंगाल नाही, शाळेतला लिटमसचा प्रयोग आहे. तुतीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते आम्लात लाल आणि अल्कात निळसर-हिरवट होते. साबण अल्कधर्मी, म्हणून डाग निळा पडतो आणि वाटते की तो पक्का झाला. म्हणून आधी साबण लावू नये. डाग ओला असतानाच गार पाण्याने धुवावा, मग लिंबू चोळावे, थोडा वेळ ठेवून पुन्हा धुवावे आणि साबण शेवटी. हाताच्या डागांवर कच्ची, आंबट तुती चोळण्याचा जुना उपायही चांगला चालतो. ओट्यापुरते म्हणाल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे ओट्यावर आलेली फांदी छाटणे.

प्रश्न : तुतीच्या पानांच्या काढ्याने मधुमेह बरा होतो, असे मोबाइलवर आले होते. प्यावा का?

उत्तर : मोबाइलवरच्या बहुतेक निरोपांप्रमाणे याच्या पोटातही थोडे खरे आहे. तुतीच्या पाल्यात डीऑक्सीनोजिरिमायसिन नावाचे द्रव्य असते. ते आतड्यात पिष्टाचे साखरेत होणारे रूपांतर मंदावते. मिग्लिटॉल हे मधुमेहाचे औषध याच द्रव्यापासून बेतलेले आहे. पण ‘साखर चढण्याचा वेग कमी करणे’ आणि ‘मधुमेह बरा करणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पाल्यातले प्रमाण जात, ऋतू आणि पानाचे वय यांप्रमाणे बदलते, त्यामुळे काढ्याच्या एका कपात किती गेले हे सांगता येत नाही. गोळ्या चालू असताना वरून असा काढा घेतला तर साखर अचानक उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत.

हा पाला बिनधोक पचवणारे जनावर तुमच्या गोठ्यातच आहे. शेळ्यांना तुती फार आवडते आणि तिच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिनांचे प्रमाण १५ ते २५ टक्क्यांपर्यंत असते. उन्हाळ्यात माळावरचे गवत संपते तेव्हा हा चारा उपयोगी पडतो. फक्त कीटकनाशक मारलेला पाला जनावरांपुढे टाकू नये.

प्रश्न : शेवटी मूळ मुद्दा. ठेवू की तोडू?

उत्तर : तिसरा मार्ग आहे, छाटा. या भागात हे शिकवायची गरज नाही. भाताच्या राबासाठी ऐनाचे टहाळ दरवर्षी उतरवले जातात आणि ऐन पुन्हा फुटतो. तुती त्याहूनही सोशिक आहे. रेशीमशेतीत तिला वर्षातून अनेकदा कापतात आणि माणसाच्या उंचीचे झुडूप करून ठेवतात. तीच तुती मोकळी सोडली तर तीस-चाळीस फुटांचे झाड होते. तिची उंची किती असावी हे बरेचसे तुमच्या कोयत्यावर ठरते.

वेळ महत्त्वाची. तुतीला फळ नव्या फुटव्यांबरोबर येते. म्हणून फळांचा हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात छाटणी करावी. पावसाळ्यात नवे फुटवे वाढतात आणि पुढच्या फुलोऱ्याची तयारी होते. घराकडे झुकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या आधी काढाव्यात, मग हात पोचेल इतकी उंची ठेवावी. छाटणीनंतर आळ्यात शेणखत किंवा लेंडीखत घालावे.

छाटताना शेंड्याची पाने आखडून गोळा झालेली, जाड आणि गडद हिरवी दिसली, तर तो ‘तुकरा’ रोग. पिठ्या ढेकूण रस शोषतो त्यामुळे हे होते. असे शेंडे कापून जाळावेत आणि बुंध्यावरून मुंग्यांची रांग जात असेल तर ती तोडावी, कारण मुंग्या या ढेकणांची राखण करतात. पावसाळ्यात पानांवर ठिपके आणि हिवाळ्याच्या तोंडावर पांढरी भुरी दिसते. परसातल्या झाडाला त्यासाठी औषध फवारण्याइतकी गरज सहसा नसते. रोगट पाने वेचून काढली की भागते.

इतके करूनही झाड नकोच असेल, तर कायद्याकडे एकदा पाहून घ्या. झाडे तोडण्याच्या नियमनाचा राज्याचा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या यादीत साग, ऐन, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडे आहेत, तुती नाही. तरी शहापूर किंवा मुरबाड नगरपंचायतीच्या हद्दीत राहत असाल तर आधी तिथे विचारून घ्यावे. लाकूड चिवट असते, हॉकीच्या काठ्या त्याच्या करतात. कुदळीचा किंवा फावड्याचा दांडा सहज निघेल.

आणि एक व्यावहारिक सूचना. बुंधा जमिनीलगत कापून काम संपले असे समजू नका. पहिल्या पावसात त्याच बुंध्यातून दहा-बारा फुटवे येतील, त्यांच्यावर सगळी पाने कातरी असतील आणि एका झाडाच्या जागी झुडपांचा घोळका उभा राहील. झाड खरोखर काढायचे असेल तर मुळासकट खणून काढावे लागेल, आणि मोरीशेजारी तेवढे खणण्यापेक्षा दरवर्षी मे महिन्यात एक सकाळ कोयता चालवणे केव्हाही स्वस्त.